हसलेला अनारसा

दिवाळीच्या फराळाच्या ताटात जसा एक तरी अनारसा असावा लागतो, तसा दिवाळी अंकात खाण्यापिण्यावरचा एक तरी विनोदी लेख असावा लागतो. अनारसा नसला तर पाहुणे बोलून दाखवीत नाहीत, पण त्यांच्या लक्षात येते. लेखाचेही तसेच. असे सात लेख या हाताने लिहिले आहेत. तेव्हा या लेखनप्रकाराचे परीक्षण करायला मी बसलो आहे म्हणजे चोरानेच पंचनामा लिहिण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण पंचनामा नेमका व्हायचा तर घर आतून पाहिलेला माणूसच बरा.

या लेखांचे साचे दोनच. एक घरचा, एक बाहेरचा. घरच्या साच्यात पत्नी माहेरी जाते आणि नवरा स्वयंपाकघरात शिरतो. मग साखरेच्या डब्यात मीठ निघते, कुकरची शिट्टी छताला लागते, आणि शेवटी शेजारच्या काकू वाटीभर आमटी आणून देतात. याचाच दुसरा प्रकार म्हणजे पत्नी घरीच असते, पण एखादा नवा पदार्थ करून पाहते. तो फसतो आणि नवरा त्यावर लिहितो. बाहेरच्या साच्यात दोन मित्र, एक कळकट हॉटेल, एक जळजळीत मिसळ, कानांतून निघणारा धूर आणि बिलाच्या वेळी एकाची गायब होणारी पाकिटे एवढा ऐवज असतो.

साचा वाईट असतो असे मी म्हणत नाही. चकलीला सोऱ्या लागतोच. प्रश्न भाजणीचा आहे.

ती पारखण्याची माझी एक साधी कसोटी आहे. लेखातल्या गावाचे नाव बदलून पाहावे. कोल्हापूरच्या मिसळीवरच्या लेखात 'कोल्हापूर' खोडून 'नाशिक' लिहिले आणि लेखाला काहीच इजा झाली नाही, तर तो लेखक मिसळ खायला गेलाच नव्हता, असे खुशाल समजावे. कारण कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात आणि वरून 'कट' वाढतात. नाशकात पाव येतो आणि रस्सा काळ्या मसाल्याचा असतो. पुण्यात मिसळीखाली पोहे निघतात आणि मागून 'सँपल' मागतात. ज्याची जीभ भाजली त्याला एवढे आठवले पाहिजे. ज्याला फक्त 'झणझणीत' हा एकच शब्द आठवतो, त्याने मिसळ शब्दकोशात खाल्लेली असते.

दुसरी कसोटी जरा अवघड आहे. हसे कोणाचे होते, ते पाहावे.

पु. ल. देशपांड्यांच्या 'हसवणूक' या 1968 च्या संग्रहात 'माझे खाद्यजीवन' हा लेख आहे. त्यातला कळीचा शब्द 'माझे' हा, असे मला नेहमी वाटते. जीभ माझी, हावरेपणा माझा, तेव्हा हसायचे तर मला हसा, असा तो करार असतो. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावांच्या घरीही फजितीला तोटा नाही. पण सांगणारा चिमणराव स्वतःच त्या फजितीत गळ्यापर्यंत बुडालेला असतो, म्हणून काऊचे हसे होते तेव्हाही आपण तिच्याच बाजूचे राहतो. आणि लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' तर चुलीच्या अलीकडून लिहिलेले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घर कसे धास्तावलेले असे, हे त्या सांगतात तेव्हा आपण हसतो आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचे हात किती दमले असतील, हेही आपल्याला कळते. धूर जिच्या डोळ्यांत गेला तिनेच विनोद केला, म्हणजे त्याला निराळाच खमंगपणा येतो.

या कसोटीला माझा स्वतःचा एक लेख लावून पाहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी अनारसे बिघडले. मी त्यावर लेख लिहिला. त्यात अनारशाने शेजारच्या मुलांनी क्रिकेट खेळल्याचे, दाराला अडणा म्हणून तो लावल्याचे आणि एका पाहुण्याचा दात पडल्याचे वर्णन होते. लेख छापून आला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत तो मोठ्याने वाचला गेला आणि आमचे चित्रकलेचे मास्तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी कृतार्थ झालो.

घरी पत्नीने लेख वाचला. घडी घालून अंक कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, लेखात एक चूक राहिली आहे."

मला वाटले, ऱ्हस्व-दीर्घाची असेल. मी पेन्सिल उचलली.

"अनारसे दगडासारखे झाले, असे लिहिले आहे तुम्ही. ते दगडासारखे नव्हते झाले. हसले होते. गूळ कमी पडला, पीठ कोरडे राहिले, तर अनारसा कडक होतो. गूळ जास्त झाला तर तुपात पडल्या पडल्या फुटून पसरतो. त्याला हसणे म्हणतात. माझा गूळ जास्त झाला होता."

एवढेच. रागावली नाही, रडली नाही. पुढच्या दिवाळीत मात्र ताटात अनारसे नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "बाजारात चांगले मिळतात. आणा की." मी आणले. ते उत्तम होते, आणि आमच्या घरात कोणी ते धड खाल्ले नाहीत.

मराठीत कादंबऱ्यांची परीक्षणे लिहिणारा मी. 'आशयघन', 'वास्तवदर्शी', 'काहीशी पसरट' यांच्यापलीकडे माझ्या पोतडीत फारसे शब्द नाहीत. स्वयंपाकघरातली समीक्षा किती नेमकी असते ते पाहा. सारण कमी भरले तर करंजी 'खुळखुळा' होते. तूप जास्त झाले तर लाडू 'बसतो'. पाक तारेच्या 'पुढे जातो'. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते. प्रत्येक शब्दात दोष आहे, दोषाचे कारण आहे, आणि उपायही त्यातच सुचवलेला आहे. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' 1970 साली आले आणि घरोघरी गेले, त्याचेही कारण मला हेच वाटते. त्यांची मापे वाटीची आणि चमच्याची, म्हणजे वाचणारणीच्या हातात असलेल्याच वस्तूंची. साहित्यसमीक्षेला अशी वाटी अजून सापडायची आहे.

बाहेरही मला हाच धडा मिळाला. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मिसळवाल्याने एकदा विचारले, "मास्तर, आज कशी झालीया?"

मी म्हटले, "फक्कड!"

"ते तुम्ही रोजच म्हणतासा. आज मटकी जास्त शिजलीया. तुमास्नी कळलं न्हाई?"

मला खरोखरच कळले नव्हते. त्याच्या मिसळीवर मी दोन लेख लिहिले होते. पहाटे उठून मटकी शिजवणारा तो माणूस त्या दोन्ही लेखांत नव्हता. मी आणि माझे कान तेवढे होते.

म्हणून यंदा लेखाआधी साहित्य गोळा करायचे ठरवले. तांदूळ तीन दिवस भिजत घातले. रोज पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी विसरलो, तेव्हा मुलीने आठवण केली. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर सावलीत पसरले, ओलसर असतानाच कुटले, चाळले, गूळ मिसळून गोळे डब्यात भरले आणि पाच दिवस वाट पाहिली. इतके दिवस मी कोणत्याही प्रकरणाला दिलेले नाहीत. पत्नी लांबून पाहत होती. तिने एका शब्दाने सुचवले नाही, की अडवले नाही.

खसखशीवर पहिला अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला. तो क्षणभर थांबला आणि मग कढईभर पसरून मनसोक्त हसला.

मीही हसलो. मुलगी हसली. पत्नी पुढे आली, उरलेल्या गोळ्यातला कण बोटांवर चोळून पाहिला आणि म्हणाली, "गूळ चमचाभर जास्त आहे. थोडी तांदळाची पिठी मळा आणि आच कमी करा."

दुसरा अनारसा जाळीदार आला. माझ्या एकाही कादंबरीचे इतके अचूक परीक्षण आजवर कोणी केलेले नाही.

राहिलेले पंधरा तिने तळले. त्यातला एकही हसला नाही. पहिला, फुटलेला, आम्ही तिघांनी कढईतून काढून वाटीत घेतला आणि चमच्याने खाल्ला. चवीला, खरे सांगतो, तो उत्तम होता.