'रसद', 'पुरवठा' आणि 'साखळी' : एक चिकित्सा

शासकीय व व्यापारी मराठीत 'पुरवठा साखळी' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. ती इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अनुवाद आहे, हा काही तिचा दोष नव्हे. अनुवादित शब्द कालांतराने भाषेत मुरतात. परंतु तिच्यामुळे विचाराचा कोणता भाग उजळतो व कोणता झाकोळतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

'रसद' हा शब्द फारसी 'रसीदन' म्हणजे पोहोचणे या धातूशी संबद्ध आहे. आपली 'पावती' 'पावणे'पासून, 'पोच' 'पोचणे'पासून, आणि 'पुरवठा' 'पुरणे'च्या प्रयोजक रूपावरून सिद्ध झाला. हे सारे शब्द व्यवहाराची परीक्षा अखेरच्या टोकाशी घेतात : माल पावला काय, आणि पुरला काय? 'साखळी' मात्र दृष्टी मधल्या दुव्यांवर खिळवते.

17 सप्टेंबर 2022 रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाचे वळण हेच आहे. खर्च जागतिक पातळीवर आणणे आणि 2030 पर्यंत जागतिक बँकेच्या निर्देशांकात पहिल्या 25 देशांत बसणे, ही त्याची ठळक उद्दिष्टे होत. 2023 साली 139 देशांत भारताचा क्रमांक 38 वा होता. पण हा निर्देशांक प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय व्यापाराचा; खेड्यातील दूध कात्रजच्या दुग्धालयात न नासता पोचले काय, हे तो विचारीत नाही. खर्चाविषयी तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 13-14 टक्के हा आकडा वर्षानुवर्षे उद्धृत होत असे. डिसेंबर 2023 मधील अंदाजात 2021-22 साठी तो 7.8 ते 8.9 टक्के ठरला. उद्दिष्ट आधी आणि मोजमाप मागून, असा हा क्रम झाला.

याउलट कात्रजचेच एक जुने उदाहरण घ्यावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी येथील तलावातून भुयारी नळाने, केवळ उताराच्या बळावर, पाणी शहरातील हौदांपर्यंत नेले गेले. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. नळात उतरून गाळ काढावा, दोष कोठे आहे ते पाहावे, ही सोय त्यांमुळे झाली. येथे दुवेही सांभाळले होते. पण कसोटी हौदात पाणी पडण्याची होती.

त्याच पेशव्यांच्या कारकिर्दीत पानिपतावर मराठी फौजेची रसद तुटली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी उपाशी सैन्याला लढावे लागले. दुवा कोठे तुटला हे 'साखळी' सांगेल. तुटण्याचा अर्थ काय, हे 'रसद' सांगते.

म्हणून 'साखळी' त्याज्य ठरवावी असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दुव्यांची तपासणी तिने अवश्य करावी. मात्र धोरण लिहिणाऱ्याने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मराठीचा जुना प्रश्न विचारावा : पोचले काय, आणि पुरले काय? त्याचे उत्तर ज्या धोरणात नाही, ते क्रमांकात वर चढले तरी अपुरेच होय.