अळंबीची टोपी आणि भिंतीवरचा तक्ता

नामपूरच्या एका शाळेत अळंबीच्या टोप्यांच्या आकारांचा तक्ता पाहिला. नेटकी आठ चित्रे आणि प्रत्येकाखाली एक संज्ञा: गोलाकार, बहिर्वक्र, शंक्वाकार, सपाट, नाभियुक्त वगैरे. मात्र पावसाळ्यात हा तक्ता घेऊन मुले मोसम नदीकाठच्या बांधांवर गेली, तर त्यांचा गोंधळ उडेल असे वाटले.

पहिली अडचण शब्दांची. 'नाभियुक्त' म्हणजे मधोमध खळगा असलेली टोपी. पण बेंबी बाहेर आलेली मुलेही वर्गात असतातच! लॅटिनवरून आलेल्या मूळ संज्ञांतही असाच घोटाळा आहे. 'अंबिलिकेट' म्हणजे बेंबीसारखा खळगा, तर 'अंबोनेट' म्हणजे ढालीवर मधोमध असतो तसा उंचवटा. उच्चार जवळचे, अर्थ उलट. 'मधे खळगा' आणि 'मधे उंचवटा' असे लिहिले तर काय बिघडते? 'इन्फंडिब्युलिफॉर्म'ला तर आपले नरसाळे आहेच.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. टोपीचा आकार वयानुसार बदलतो, हे तक्ता सांगतच नाही. गवतात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी अळंबी पाहा. कोवळेपणी तिची टोपी चेंडूसारखी असते, मग फुगीर होते आणि शेवटी जवळजवळ सपाट. टोपीखालच्या पट्ट्याही आधी पांढऱ्या असतात, नंतर हिरवट होतात. तक्त्याप्रमाणे मुले या एकाच अळंबीच्या तीन अळंब्या करतील. म्हणूनच नुसत्या आकारावरून अळंबी खाण्याजोगी ठरवणे धोक्याचे आहे. तक्त्यावर हा इशारा हवा होता.

तिसरी उणीव वर्गीकरणाची. वाळवीच्या वारुळावर येणाऱ्या टर्मिटोमायसिसच्या अनेक जातींत टोपी पसरट झाली तरी मधले टोक टिकून राहते. मग ती 'सपाट' की 'उंचवटायुक्त'? दोन्ही! एकूण आकार आणि मधला भाग या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तक्त्याने त्या एकाच रांगेत बसवल्या आहेत.

तरीही तक्ता टाकून देऊ नये. त्याच्याशेजारी कोरा कागद लावावा. त्यावर कोवळी, उमललेली आणि जुनी असे तीन रकाने आखावेत आणि प्रत्येकात एकूण आकार, मधला भाग व कडा यांची नोंद करावी. शिक्षकांनी अळंबी उभी चिरून दाखवावी आणि मुलांनी तो छेद काढावा. चव कोणीही घेऊ नये, नंतर हात धुवावेत. संज्ञा शेवटी सांगितल्या तरी चालेल. आधी मुलांनी काय पाहिले, ते त्यांच्या शब्दांत येऊ द्यावे.