हरितगृह, सौरऊर्जा आणि साठवण: पेपर वाचताना आधी घड्याळ बघा

पीएच.डी.साठी विषय शोधताना तुम्ही 'सौरऊर्जा, साठवण, हरितगृह' असं सर्च केलं असेल, तर पेपरांचा ढीग समोर आला असेल. विषय चांगलाच आहे. पण यातले बरेचसे पेपर एका साध्या प्रश्नाला बगल देऊन निष्कर्षाला पोचतात: ऊर्जा लागते ती दिवसाच्या कुठल्या तासाला?

ऊन मिळण्याची वेळ आणि ऊर्जा लागण्याची वेळ जुळत नाही, म्हणून साठवण करायची. उत्तर चीनमधलं सौर हरितगृह बघा. हिवाळ्यात तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून उत्तरेला माती-विटांची जाड भिंत आणि दक्षिणेला प्लास्टिक. भिंत दिवसा तापते, रात्री ती उष्णता आत सोडते. संध्याकाळी प्लास्टिकवर चटया नाहीतर गोधडीसारखं जाड पांघरूण पसरतात. झालं, बॅटरी नाही की काही नाही! नेदरलँड्समध्ये हाच फरक ऋतूंचा आहे. तिथे काही ठिकाणी उन्हाळ्यातली जास्तीची उष्णता भूजलात साठवतात आणि हिवाळ्यात हीट पंपाने वापरतात. दोन्हीकडे साठवणीला कारण आहे.

आता मावळातलं गुलाबाचं पॉलिहाऊस घ्या. एप्रिल-मेमध्ये इथली डोकेदुखी उष्णता बाहेर घालवण्याची. पंखे, पॅड, फॉगर यांना वीज लागते ती दुपारी, म्हणजे पॅनेल जोरात असतात तेव्हाच. मग रात्रभराची बॅटरी कशाला? थंड देशातलं मॉडेल जसंच्या तसं उचलून त्यात पुण्याची वेदर फाइल घातली, म्हणून ते मॉडेल पुण्याचं होत नाही.

समजा, रात्री खरंच उष्णता हवी आहे. कागद-पेन घ्या. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. छत आणि बाजू धरून प्लास्टिक १३०० चौरस मीटर. एकेरी प्लास्टिकमधून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंशाला साधारण ६ वॅट उष्णता निसटते. आतलं तापमान बाहेरपेक्षा १० अंशांनी जास्त ठेवायचं, तर ७८ किलोवॅट. १२ तासांचे झाले सुमारे ९४० युनिट. एक घनमीटर पाणी २० अंशांनी थंड होताना सुमारे २३ युनिट उष्णता देतं. म्हणजे ४० घनमीटर पाणी, दहा हजार लिटरचे चार टँकर. हेच बॅटरी आणि हीट पंपाने करायचं ठरवलं आणि पंपाने एका युनिटला तीन युनिट उष्णता दिली, तरी ३०० युनिटच्या वर बॅटरी लागते. पेपरात बॅटरीची तुलना कशाशी केली आहे ते बघा. बहुतेक वेळा डिझेलशी असते. पाण्याच्या टाकीशी किंवा रात्री ओढायच्या साध्या थर्मल स्क्रीनशी नसते. दुबळा प्रतिस्पर्धी निवडला की कोणीही जिंकतं.

वितळताना उष्णता शोषणाऱ्या पदार्थांचे पेपर तर आणखी बारकाईने वाचा. कॅल्शियम क्लोराइडचं एक हायड्रेट साधारण २९ अंशांना वितळतं. वेगळा सोलर कलेक्टर नसेल, तर आतली हवा त्याहून बरीच गरम झाल्याशिवाय ते वितळणार कसं? आणि एवढी गरम हवा झाडांना चालेल का? शिवाय अशी क्षारद्रव्यं वारंवार वितळून-गोठून घटकांमध्ये विभागली जातात आणि साठवणक्षमता घटते. दिवसाला एक धरलं, तर वर्षाला ३६५ फेऱ्या. पेपरात ग्राफ असतो तीन निरभ्र दिवसांचा.

मग आपल्याकडे साठवणीत काही कामच नाही? आहे, पण वेगळं. पंखा-पॅडच्या हरितगृहात दुपारी दोनला वीज गेली की आतलं तापमान बघता बघता चढतं. तिथे हवी अर्ध्या-एक तासाची छोटी, भरवशाची बॅटरी. पाणी तर दिवसा उपसून शेततळ्यात ठेवता येतं, तीही साठवणच. यावर लिहिलेला पेपर दिसायला भारी वाटणार नाही कदाचित. पण मोठ्या बॅटरीचा हप्ता शेतकरी भरणार आहे, आणि तीन-चार वर्षं तुमची जाणार आहेत.

तेव्हा प्रपोजल लिहिण्याआधी जवळचं एक पॉलिहाऊस गाठा. मालकाला विचारून मीटरचं रीडिंग २४ तास, दर तासाला टिपून घ्या. एक दिवस एप्रिलमधला, एक जुलैमधला ढगाळ आणि एक डिसेंबरमधला. त्यावर पॅनेलच्या उत्पादनाची रेघ काढा. दोन रेघांमध्ये जेवढी जागा उरेल, तेवढीच साठवण मागा.