हवेचा निर्देशांक आणि उसाची गावे

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी सात वाजता राहुरी किंवा श्रीरामपूरच्या आसपास रस्त्यावर उभे राहून पाहावे. आदल्या संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर शेतांवर अजून तरंगत असतो. साखर कारखान्याचे धुराडे चालू असते, घरोघरी पाणी तापवण्याच्या चुली पेटलेल्या असतात. त्याच धुरातून मुले सायकलवर शाळेला निघतात. दुपारी मात्र आकाश निळे असते. अशा वेळी वर्गात कोणी विचारले, ‘सर, आपली हवा चांगली की वाईट?’ तर काय सांगायचे? हल्ली याचे उत्तर एका आकड्यात देतात. तो आकडा, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, उसाच्या गावाला कितपत लागू पडतो, हे आपण तपासू.

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. एप्रिल २०१५ मध्ये हा राष्ट्रीय निर्देशांक सुरू झाला. त्यापूर्वीचे प्रदूषणाचे तक्ते सामान्य माणसाला वाचताच येत नसत. निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत मोठा तोच हवेचा निर्देशांक धरतात. हे योग्यच आहे. गणितात नापास झालेल्याला आपण भूगोलाच्या गुणांवर पास करत नाही. ५० पर्यंत हवा ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, ४०० च्या पुढे ‘गंभीर’.

आमचा पहिला आक्षेप सरासरीला आहे. धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी घेतात. समजा, गावात दिवसाचे २२ तास सूक्ष्मकणांचे (पीएम २.५) प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि सकाळचे २ तास २८०. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) सरासरी येते ६०, म्हणजे निर्देशांक १००, हवा ‘समाधानकारक’! शाळेची वाट नेमकी त्या दोन तासांत पडते. शिवाय ६० ही आपली मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाच्या सरासरीसाठी १५ ही मर्यादा सुचवली आहे.

हा धूर सकाळीच का साठतो? हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. वर उबदार, खाली गार असा थर बसला की गार, जड हवा वर चढत नाही. जणू गावावर झाकण ठेवले जाते. ऊन चढल्यावर ते निघते. दुर्दैव असे की गाळप हंगाम आणि हे झाकण यांचे महिने एकच आहेत.

दुसरा आक्षेप असा की वेगवेगळ्या हवांना एकच आकडा मिळतो. मे महिन्यात नांगरलेली राने, कच्चे रस्ते आणि वावटळी यांमुळे पीएम १० हे २०० व पीएम २.५ हे ४० झाले, तर निर्देशांक येतो सुमारे १६७. जानेवारीत पीएम १० हे ११० आणि धुराचे पीएम २.५ हे ८० असले, तरी तोच १६७. पहिल्या हवेतली बरीचशी जाड धूळ नाकाघशात अडते. दुसऱ्या हवेतले सूक्ष्मकण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. उपायही निराळे आहेत. धुळीसाठी रस्ता पक्का करणे किंवा पाणी शिंपडणे चालेल. धुरासाठी पाचट न जाळता सरीत कुजवावे लागेल. केंद्रीय मंडळाच्या पत्रकात प्रमुख प्रदूषकाचे नाव दिलेले असते. आकडा लोकांपर्यंत पोचेपर्यंत ते बहुधा गळून पडते. हा दोष निर्देशांकाचा कमी आणि आपल्या वाचनाचा जास्त आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्याच्या यादीत पुणे, नाशिक, सोलापूर आहेत, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) नाही. मानकात नापास व्हायला आधी वर्षानुवर्षे मोजमाप व्हावे लागते. तापमापकच नसेल त्या घरात कागदोपत्री कोणालाच ताप नसतो. जिथे जवळ केंद्र नाही, तिथे मोबाइलवर दिसणारा आकडा बहुधा दूरची केंद्रे, उपग्रह आणि गणित यांवरून बांधलेला अंदाज असतो. पेटलेल्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या, पाथर्डी-बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबाची हवा त्या अंदाजात कुठून येणार?

म्हणून आकडा टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तो तासानुसार द्यावा, प्रमुख प्रदूषकाच्या नावासह द्यावा आणि शेतीच्या गावांतही मोजावा, एवढीच मागणी आहे.

तोवर शाळेला एक काम करता येईल. दूरची पाण्याची टाकी किंवा टेकडी निवडावी. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी ती स्पष्ट, धूसर की दिसेनाशी, हे वहीत लिहावे. सोबत वाऱ्याची दिशा आणि कुठे काय जळत होते तेही नोंदवावे. पाऊस, हिवाळा, उन्हाळा असे वर्ष पुरे करावे. धुके आणि धूर यांत गल्लत होईल, त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. ही वही यंत्राची जागा घेणार नाही. पण ‘आपली हवा चांगली की वाईट?’ असे विचारणाऱ्या मुलाला उलट विचारता येईल : कोणत्या महिन्यातली, आणि किती वाजताची?