सुधाकराचा स्वभाव आणि सुधाकराचे दैव

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण सहज उच्चारतो, पण ती तपासून मात्र क्वचितच पाहतो. एखादा गृहस्थ रसातळास गेला की ‘ते त्याच्या स्वभावातच होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो; एखादा वर चढला तरी तेच कारण सांगतो. या म्हणीची कसोटी पाहणारे मराठी नाटक कोणते, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’कडे बोट दाखवील. गडकऱ्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची ख्याती झाली. ती खोटी नव्हे. तथापि अपुरी आहे.

सुधाकर हा बुद्धिमान, कष्टाळू आणि कमालीचा मानी वकील. स्वतःच्या बळावर वर आलेल्या माणसाचा ताठा त्याच्या ठायी आहे. न्यायालयात खटका उडून त्याची सनद काही काळ रद्द होते, आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीरामाने पुढे केलेला पेला तो ओठांस लावतो. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, ज्या मानीपणाने त्याला दारिद्र्यातून वर काढले त्याच मानीपणाने त्याला खाली ओढले. गुण बदलला नाही, प्रसंग बदलला.

मानसशास्त्रात हा वाद जुना आहे. वॉल्टर मिशेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असे प्रतिपादन केले की, कसोट्यांनी मोजलेले स्वभावगुण आणि प्रत्यक्ष प्रसंगातील वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३ च्या पुढे जातो. वर्तन ठरविण्यात परिस्थितीचा वाटा मोठा असतो. दुसऱ्या बाजूचा पुरावाही हलका नाही. कॅलिफोर्नियात १९२१ साली टर्मन यांनी सुमारे दीड हजार बुद्धिमान मुलांचा अभ्यास आरंभिला होता. पुढे १९९३ साली फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी त्याच नोंदींवरून दाखविले की, बालपणी जी मुले कर्तव्यदक्ष मानली गेली ती सरासरीने अधिक जगली. एका प्रसंगात क्षीण वाटणारा स्वभाव आयुष्यभराच्या बेरजेत जाणवतो. परंतु ती बेरीज पुष्कळांची असते. कोणा एकाचे भविष्य तीत लिहिलेले नसते.

या प्रकाशात सिंधूकडे पाहावे. कर्तव्यदक्षता, सोशीकपणा, निष्ठा हे गुण या नाटकात तिच्याइतके कोणाच्याच ठायी नाहीत. टर्मनच्या नोंदवहीत ती दीर्घायुषी ठरली असती. नाटकात मात्र ती दळण दळते, मूल गमावते आणि प्राण सोडतानाही पतीचा गुन्हा आपल्या पदराखाली झाकते. तिच्या सद्गुणाला जी चौकट समाजाने दिली होती, तीत त्या गुणाचे फळ मृत्यू हेच होते. याचा दोष तिच्या स्वभावास कोण देईल?

उलट भगीरथ पाहा. प्रेमभंगाने तोही पेल्यापाशी जातो, परंतु रामलाल त्याला वेळेवर भेटतो आणि जगण्यास एक कार्य देतो. तो वाचतो. सुधाकराच्या पहिल्या पेल्याच्या वेळी रामलाल परदेशी होता. शेजारी तळीराम होता. पुढे सुधाकर एकदा मद्य सोडतोही. पण काम मागावयास गेलेल्या त्या मानी माणसास ओळखीची माणसेच अवहेलून लावतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. आमच्या मते नाटकातील सर्वांत खरा भाग हाच. पहिल्या पतनाचे खापर मदिरेवर फोडता येते. दुसऱ्या पतनाचे कारण बंद झालेल्या दारांतही शोधावे लागते. गडकऱ्यांचा दोष दाखवावयाचाच तर तो असा की, मद्यपानाच्या तीन अवस्थांवरील त्या प्रसिद्ध भाषणात सुधाकर हा विशिष्ट माणूस न उरता व्यसनाचा नमुना होऊन बोलतो. भाषण गाजले, माणूस थोडा मागे पडला.

हा विचार केवळ रंगभूमीपुरता राहू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक सहकारी बदलून आले. ‘तापट व हेकट’ हा लौकिक त्यांच्या आधीच येऊन पोहोचला होता, आणि पहिले सहा महिने आम्ही सर्वांनी तो खरा करून घेतला: कोणी चहास बोलावले नाही, कोणी टिपणी समजावून दिली नाही. परप्रांतात, भाषा न येणाऱ्या गावी, आजारी आईला घेऊन ते राहत होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. मग एका वृद्ध अधीक्षकांनी त्यांना रोज आपल्याजवळ बसवून घेतले. वर्षअखेर त्याच गृहस्थांचा हेकटपणा ‘बाणेदारपणा’ म्हणून वाखाणला जाऊ लागला. आम्हीही पूर्वी नाव ठेवणाऱ्यांतच होतो, हे येथे कबूल करणे भाग आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना वार्षिक कार्यमूल्यांकन अहवालात हाताखालील माणसांच्या व्यक्तिगत गुणांपुढे एक ते दहा यांतील आकडा लिहावा लागतो. तो लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. स्वभाव असतो, आणि तो परिणामही करतो. पण २०१७ साली दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा योग्य साहाय्याने स्वभावगुणही काही अंशी पालटतात, विशेषतः मनाची अस्थिरता कमी होते, असे आढळले. म्हणजे औषध अगदीच नाही असे नव्हे. म्हणून आकडा लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि या माणसाची सनद अलीकडे कोणी काढून घेतली होती काय, व त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी रामलाल होता की तळीराम, एवढे तरी स्वतःस विचारावे.