हलगीला वर्ग कधी मिळणार?

विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे दरबार-घराण्यांच्या कडीकुलपातून बाहेर आणले, हे श्रेय त्यांचेच. पण बाहेर आणून ठेवले कोठे? पांढरपेशांच्या दिवाणखान्यात! तबला परीक्षेला बसला, हलगी गावकुसाबाहेरच राहिली. कातडे दोन्हींवर ताणलेले आहे. टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) या पुस्तकात मृदंग घडविणाऱ्या दलित कारागिरांची कहाणी मांडली. मैफलीने ती कधी विचारली नव्हती.

म्हणून 'वस्तीतल्या मुलांना संगीत शिकवू या' असे कुणी म्हणाले की पहिला प्रश्न येतो : कोणाचे संगीत? ही मुले रिकाम्या कानांनी येत नाहीत. आंबेडकरी जलसा ही आपली शाळाच होती. भीमराव कर्डकांच्या जलशाने अक्षरशत्रू माणसाला चळवळीचे राजकारण समजावले. वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी रचून गेले. त्यांना कोणत्या विद्यालयाने सनद दिली?

आजच्या पोराच्या कानात रॅप आहे. त्याला नाके मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांनी चेन्नईकडे पाहावे. पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार टेन्मा यांनी उभे केलेले 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' जानेवारी २०१८ मध्ये लोकांपुढे आले. या नावामागे अयोथी दासांचा जातिविहीन तमिळांचा विचार आहे. वस्त्यांतला 'गाना', रॅप, पराई आणि विजेवरची गिटार एका मंचावर, आणि विषय आरक्षणाचा, गोमांसाचा! पराई येथे शोभेला ठेवलेली नाही. गाणे तिच्या ठेक्यावर चालते. हे मला फार मोलाचे वाटते. विजेची गिटार आली म्हणून वस्तीचा आवाज बाटत नाही, हेही त्यातून दिसले.

तरीही मंच म्हणजे शाळा नव्हे. टाळ्या वाजवून घरी गेलेल्या पोराला ठेका शिकवणार कोण? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि पोरे नुसती ऐकणारी होतात. जलशात तीच पोरे गात होती, वाजवत होती, वाद घालत होती. आमच्या संस्थांची महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत. स्नेहसंमेलनाला हलगीवाला बोलावतात आणि जेवू घालून वाटेला लावतात. त्याला शिक्षक म्हणून हजेरीपटावर घ्यायला, त्याच्या नावे मानधनाचे व्हाउचर फाडायला कोणते प्राचार्य तयार आहेत?