कार्व्हरची भंगारातली प्रयोगशाळा आणि १८९०चा कायदा

मराठी मध्यमवर्गाला एक काळा माणूस मनापासून आवडतो. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि तेव्हापासून ते वाढदिवसाला, बक्षीस समारंभाला, अगदी मुंजीतसुद्धा भेट दिलं जातं. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. मी ते दोनदा वाचलंय आणि कार्व्हर मलाही मोठाच वाटतो. तक्रार आहे ती ते वाचून आपल्याला सुनावणाऱ्यांबद्दल. "बघा, गुलामाचा पोर. पण सवलत मागितली का त्यानं? रडत बसला का?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. स्टाफरूममध्ये, हापिसात, मित्राच्या दिवाणखान्यात. कार्व्हरच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि नेम धरायचा आपल्या स्कॉलरशिपवर.

तेव्हा मित्रहो, या वाचनाचीच एकदा समीक्षा करू. समीक्षा फक्त कवितेचीच करायची असं कुठं लिहिलंय? सरकारी कायदा, अनुदानाचा आकडा, शिष्यवृत्तीची अट, हीसुद्धा वाङ्मयच असतात. फरक एवढाच, की त्यांच्यावर माणसं जगतात आणि मरतात.

सगळ्यांना आवडणारा प्रसंग घ्या. १८९६ साली कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगीला आला. प्रयोगशाळा नव्हती. मग त्यानं पोरं घेऊन उकिरडे धुंडाळले, फुटक्या बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यातून प्रयोगशाळा उभी केली. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. पाणावू देत. पण भंगारातून प्रयोगशाळा करायची वेळ का आली, हा प्रश्न त्या पाणावलेल्या डोळ्यांना दिसत नाही. उत्तर दोन आकड्यांत आहे. १८८७च्या हॅच कायद्यानं शेतीच्या प्रयोगकेंद्रासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला १५,००० डॉलर केंद्राकडून मिळू लागले. अलाबामातले ते पैसे गेले ऑबर्नच्या गोऱ्यांच्या कॉलेजाकडे. टस्कीगीच्या केंद्राला राज्याच्या विधिमंडळानं १८९७ साली मंजूर केले वर्षाला १,५०० डॉलर. एका शून्याचा फरक. त्या शून्याला आपला वाचक 'जिद्द' म्हणतो.

आणि हा माणूस काय हवेत शिकला? कॅन्ससमधल्या हायलँडच्या कॉलेजनं त्याला पत्रानं प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर रंग बघून परत पाठवला. पुढं तो शेतीशास्त्र शिकला आयोवाच्या कॉलेजात. ते कॉलेज सरकारनं जमीन देऊन उभं केलेलं. म्हणजे कार्व्हरच्या पायाखालीसुद्धा सरकारी मदत होतीच. फक्त ती गोऱ्यांसाठी काढलेली होती आणि हा एकटा काळा तिच्यात कसाबसा शिरला.

ही मदत कुठून आली ते बघा. १८६२चा मॉरिल कायदा. प्रत्येक राज्याला त्याच्या दर खासदारामागं ३०,००० एकर जमीन. ती विकून शेती आणि यंत्रविद्येचं कॉलेज काढायचं. जमीन कुणाची? आदिवासींची. जवळजवळ अडीचशे जमातींकडून काढून घेतलेली, एक कोटी एकरांच्या वर. एकाच्या पायाखालची काढायची, दुसऱ्याच्या पोरांना शिकवायचं, आणि तिसऱ्याला दारात उभं करायचं. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या पैशातून जी मोठी कॉलेजं काढली त्यांचे दरवाजे काळ्यांना बंद. ऑबर्नचा दरवाजा उघडला १९६४ साली.

अट्ठावीस वर्षांनी, १८९० साली, दुसरा मॉरिल कायदा आला. (एका वर्षानं महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेब जन्मले; सालं लक्षात ठेवायला बरं.) या कायद्यानं सांगितलं : एक तर रंग न बघता प्रवेश द्या, नाहीतर काळ्यांसाठी वेगळं कॉलेज काढा आणि पैशाची 'न्याय्य आणि रास्त' वाटणी करा. 'समान' हा शब्द कायद्यात नाही. हे नीट वाचा. जिथं 'समान' लिहायला जीभ अडखळते तिथं 'न्याय्य' लिहितात, आणि न्याय काय ते ठरवायला बसवतात त्याच राज्यांची विधिमंडळं. आणि या वेळी जमीन नाही. रोकड. प्रत्येक राज्याला वर्षाला १५,००० डॉलर, पुढं वाढत २५,०००. गोऱ्याला जमीन, काळ्याला त्या रोकडीतला वाटा. दोघांच्याही पाटीवर मात्र लिहिलं 'लँड ग्रँट'.

१९१४ साली शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोचवण्यासाठी स्मिथ-लीव्हर कायदा झाला. जिथं दोन कॉलेजं तिथं पैसा कुणाच्या हातात द्यायचा हे राज्यानं ठरवायचं. दक्षिणेतल्या राज्यांनी काय ठरवलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. काळ्या कॉलेजांना संशोधन आणि विस्ताराचा नेमून दिलेला, थेट हक्काचा वाटा कायद्यानं मिळाला १९७७ साली. त्रेसष्ट वर्षं. तेवढ्यात काळ्या शेतकऱ्याची दोन पिढ्यांची शेती गेलेली.

आता शिष्यवृत्ती. १९९२ साली अमेरिकेच्या शेतीखात्यानं '१८९० नॅशनल स्कॉलर्स' नावाची योजना काढली. ही एकोणीस विद्यापीठं, टस्कीगी त्यातलंच एक. शेती, अन्न, वनसंपत्ती असल्या विषयात पदवी घेणाऱ्या निवडक पोरापोरींची फी, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं सरकार भरतं. सुट्टीत खात्यात कामाचा अनुभव. नावात 'काळा' हा शब्द नाही, एक साल आहे. प्रवेशही सगळ्यांना खुला. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या १८९०वाल्या विद्यापीठात तर आज गोरी पोरंच जास्त. तरी सगळ्यांना ठाऊक आहे की ते साल कुणाचं आहे. आपल्याकडं 'मागासवर्गीय' म्हटलं की वर्गातल्या माना जशा वळतात, तसं.

अट एक. जितकी वर्षं शिष्यवृत्ती तितकी वर्षं शेतीखात्याची नोकरी. चार वर्षं खाल्लं तर चार वर्षं राबायचं.

ही अट वाचली की आपल्याला बडोदा आठवलं पाहिजे. १९१३ साली बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. जाताना करार केला : परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. न्यूयॉर्कमधलं कोलंबिया हार्लेमच्या अगदी शेजारी. तिथं त्यांना कुणी विटाळ मानला नाही. १९१७ साली करार पाळायला ते बडोद्यात आले आणि राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. हापिसात शिपाई फायली लांबून टाकत. शिष्यवृत्तीनं त्यांना न्यूयॉर्कला नेलं. बडोद्याचा शिपाई तिला बदलता आला नाही. माझं म्हणणं असं, की बाँड लिहून घेणारा नेहमी शिकणाऱ्याला बांधतो. ज्या हापिसात तो शिकून जाणार त्या हापिसाकडून कुणीच बाँड लिहून घेत नाही.

आणि अमेरिकेचं हे हापिस कसलं आहे? १९२० साली काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या आसपास होते, देशातल्या शेतकऱ्यांत शंभरात चौदा. २०२२च्या शेतीगणनेत राहिले बेचाळीस हजारांच्या आतबाहेर. सगळेच स्वखुशीनं शहरात गेले नाहीत. शेती हंगामावर चालते. बी आणि खत पेरणीच्या आधी लागतं, म्हणून कर्जही पेरणीच्या आधी लागतं. जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची गरजच नसते. तो फक्त उशीर करतो. पेरणी उलटून गेल्यावर मंजुरी देतो. गोऱ्याचं कर्ज वेळेवर, काळ्याचं पावसाळ्यानंतर. मग हप्ता थकतो, मग जप्ती, मग लिलाव.

या उशिराची चव मला ठाऊक आहे. माझ्या पोस्ट-मॅट्रिकचा हप्ता परीक्षा झाल्यावर यायचा. कॉलेजचा क्लार्क म्हणायचा, "आलं की सांगतो ना, सारखं काय विचारतोस." खानावळवाला असं म्हणत नव्हता. 'नाही' असं मला एकदाही कुणी म्हटलं नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना अलाबामातला तो शेतकरी समजावून सांगायला नको.

तक्रार करावी तर तीही त्याच खात्याकडं. आणि १९८३ साली तक्रारी तपासणारी शाखाच मोडीत निघाली. अर्ज येत राहिले, साचत राहिले. १९९७ साली टिमथी पिगफर्ड आणि त्याच्या साथीदारांनी खात्याला कोर्टात खेचलं. १९९९ साली तडजोड झाली, बहुतेकांना ५०,००० डॉलर, एकूण एक अब्जाच्या घरात. २०१० साली आणखी सव्वा अब्ज. पैसे मिळाले. जमीन परत आली नाही. ५०,००० डॉलरमध्ये एक बरा ट्रॅक्टर येतो. २०२१ साली कर्जमाफीसाठी चार अब्जांची तरतूद झाली, तर गोरे शेतकरी 'आमच्यावर अन्याय' म्हणत कोर्टात गेले आणि २०२२ साली ती तरतूदच रद्द झाली. 'आमच्यावर अन्याय' हे रडगाणं कुठल्या भाषेत नाही?

म्हणजे बापाची जमीन ज्या खात्याच्या उशिरानं गेली, त्याच खात्यात पोरगा शिष्यवृत्ती फेडायला अधिकारी म्हणून जाणार. आमच्यातले काही जहाल मित्र म्हणतील, लाथ मारा असल्या शिष्यवृत्तीला. मी म्हणत नाही. जिल्ह्याच्या कचेरीत काळा अधिकारी बसला तर एखाद्या म्हाताऱ्याचा अर्ज पेरणीच्या आधी निघेल, ही काही लहान गोष्ट नाही. घ्यावी, हक्कानं घ्यावी, वाकून घेऊ नये. पण या योजनेतून अधिकारी तयार होतात, शास्त्रज्ञ तयार होतात. शेतकरी तयार होत नाही. १९९२पासून ती चालू आहे आणि काळ्याची शेती काही वाढलेली नाही. पोराला पदवी देणं आणि घराला जमीन देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारला पहिली परवडते, कारण ती दरवर्षी मोजून देता येते आणि नको तेव्हा थांबवता येते.

आपल्याकडं काळ्यांची कविता आली, पँथर हे नाव आलं, १९७२ साली आपण ते छातीवर लावलं. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइसना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. कविता नव्हे, अर्ज. त्यांची नजर कागदावर होती. आपण मात्र त्यांचे ब्लूज वाचले, त्यांची खातेवही वाचली नाही.

वाचायचीच तर २०२३पासून वाचा. त्या सप्टेंबरात शिक्षणमंत्री कार्डोना आणि शेतीमंत्री विल्सॅक यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. १९८७ ते २०२० या काळात विद्यार्थ्यामागं गोऱ्यांच्या कॉलेजाइतका पैसा मिळाला असता, तर या राज्यांतल्या काळ्या लँड ग्रँट विद्यापीठांकडं १२ अब्ज डॉलरहून जास्त आले असते. एकट्या टेनेसी स्टेटचे दोन अब्जांवर. भंगारातली प्रयोगशाळा ही १८९६ची गोष्ट नाही, असं खुद्द सरकारच सहीनिशी सांगतंय. पत्रात आकडा आहे, वसुलीची तारीख नाही.

आणि फेब्रुवारी २०२५मध्ये, नवं सरकार आल्यावर, खात्याच्या संकेतस्थळावर या शिष्यवृत्तीच्या जागी एक ओळ दिसली : पुढील आढाव्यापर्यंत स्थगित. ऐन अर्ज भरायच्या दिवसांत. ओरड झाली, काँग्रेसमधले काळे सभासद बोलले, आणि काही दिवसांत योजना पुन्हा सुरू झाली. १८९०चा कायदा जागेवरच होता, एकोणीस विद्यापीठं जागेवर होती, पोरांचे गुण होते तेवढेच होते. मधल्या दिवसांत ज्यांचा फॉर्म अर्धा भरलेला होता, त्यांनी पुढचा रकाना भरावा की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.